सपाट रानातली गाडी: यवत-केडगाव पट्ट्यात रेल्वेचे फोटो कसे काढावेत?

गेटमनचा मुलगा (हडपसर)

नमस्कार मंडळी.

मी हडपसरला राहतो, नोकरी खराडीला. पण शाळेची सगळी वर्षं पुणे-दौंड मार्गावर यवतच्या पुढं, रुळाकडेच्या एका फाटकापाशी गेली. वडील तिथं गेटमन होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता त्या फाटकाशेजारी भुयारी मार्गाचं काम सुरू झालंय, काँक्रीटचे मोठे चौकोनी गाळे येऊन पडलेत. ते काम संपलं की फाटक बंद होणार आणि गुमटी, म्हणजे गेटमनची खोलीही जाणार. त्याआधी मला या पट्ट्यातल्या गाड्यांचे बारा चांगले फोटो काढायचेत. वडिलांच्या हातात द्यायला.

कॅमेरा जुना घेतलेला निकॉन डी५६००, सोबतची १८-५५ लेन्स आणि एक ७०-३००. गेले अकरा रविवार सकाळच्या दौंड गाडीनं यवत नाहीतर खुटबावला उतरतो आणि शेतातून चालत जातो. आतापर्यंत चौदाशेच्या वर फोटो झालेत. त्यातले तीन बरे वाटले, ते खाली चिकटवलेत.

अडचण अशी की इथं डोंगर नाही, बोगदा नाही, वळण म्हणावं असं वळण नाही. रूळ सरळ, रान सरळ, वर आभाळ. कुठंही उभा राहिलो तरी फोटो एकच येतो: आडवी गाडी आणि वर पांढरं आभाळ. त्यात विजेचा खांब नेमका इंजिनाच्या तोंडावर येतो. सकाळचे नऊ वाजले की सगळं फिकट होतं. ३०० मिलिमीटरला काढलेले लांबचे फोटो तर पाण्याखालून काढल्यासारखे दिसतात, लेन्स खराब निघाली की काय कळत नाही.

जो तो सांगतो, खंडाळ्याला जा, पावसाळ्यात घाटात जा. घाट सुंदरच आहे, पण माझ्या वडिलांची गाडी या रानातून जायची. स्टेशनमास्तरचा फोन आला की प्रायव्हेट नंबर (निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेला आकडा) वहीत लिहायचा, फाटक लावायचं, हिरवा झेंडा घेऊन उभं राहायचं आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत बघत राहायचं. कुठं चाकापाशी धूर निघतोय का, काही लोंबतंय का, शेवटचा डबा आहे ना. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक गाडी अशी इंजिनापासून शेपटापर्यंत बघितली. मला ते बघणं फोटोत यायला हवंय. कसं करू?

घाटप्रेमी

दादा, घाटातल्या मंकी हिलला एकदा येऊन बघ, मग बोल. बाकी डी५६०० चांगला कॅमेरा आहे.

उसाचं रान (खुटबाव)

दादा, फोटोतलं मला फार कळत नाही, मी मोबाईलवरच काढते. पण हे रान माझं रोजचं आहे म्हणून लिहिते.

तुम्ही रविवार बघून येता. पीक बघून या. आत्ता कार्तिक संपत आलाय, आडसाली उसाला तुरे आलेत. सकाळी ऊन तुऱ्यांच्या मागून आलं की सगळं रान चांदीसारखं होतं आणि त्यावरनं फक्त गाडीचं छप्पर आणि तारा पळताना दिसतात. हे फार दिवस टिकत नाही, तोड सुरू झाली की संपलं. पौषात ज्वारी निसवते. गव्हाला पाणी दिलं की पहाटे धुकं धरतं, उन्हं वर आली की पंधरा-वीस मिनिटांत जातं. आणि कालव्याचं आवर्तन सुटलं की लावणीसाठी भिजवलेल्या सऱ्यांत पाणी उभं राहतं. त्यात आभाळ दिसतं, गाडीपण दिसते, बगळे असतातच. आमच्याकडं पाण्याची पाळी कधी येणार ते चार दिवस आधी कळतं. तेव्हा तुम्हाला सांगू शकते.

एकच विनंती. बांधावरनं चाला, सरीत पाय देऊ नका. आणि रानात कुणी दिसलं तर आधी राम राम करा. न विचारता कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस दिसला की लोकांना जमीन मोजायला आलेला वाटतो.

चित्रकला, केडगाव

तू म्हणतोय, रागावू नकोस. केडगावच्या आसपासच्या शाळांत तीस वर्षं चित्रकला शिकवली, तीच सवय राहिली. फोटो मी १९८० च्या दशकात झेनिट कॅमेऱ्यावर शिकलो आणि रुळाकडेला अजूनही जातो, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुझे तिन्ही फोटो पाहिले. तिन्ही तू उभं राहून काढलेस. एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलांना मी पहिल्या तासाला बांधावर नेऊन दाखवायचो की सपाट जागी क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. उभं राहिलं तर साडेपाच फुटांवर, बसलं तर तीन फुटांवर, पालथं पडलं तर ढेकळांच्या बरोबरीनं. आता रूळ भरावावर आहेत, कुठे शेतापासून हातभर उंच, कुठे पुरुषभर. तू उभा राहतोस तेव्हा क्षितिज डब्याच्या पोटातून नाहीतर चाकांमधून जातं आणि मागची झाडं, पत्र्याच्या शेड, होर्डिंग सगळं खिडक्यांना येऊन चिकटतं. कोरड्या चारीत उतर आणि कॅमेरा रुळाच्या पातळीखाली ने. अख्खी गाडी आभाळात जाते. चाकांच्या फटीतून, दोन डब्यांच्या जोडातून पलीकडचा उजेड येतो आणि एकेक डबा वेगळा वाचता येतो. डोंगर नाही म्हणून रडू नकोस, दोन हात खाली उतरलास की ही गाडीच या रानातला डोंगर आहे.

दुसरी गोष्ट सूर्याची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुणे-दौंड मार्ग जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे हिवाळाभर ऊन दक्षिणेकडूनच येणार. तू रुळाच्या उत्तरेला उभा राहिलास तर दिवसभर गाडीची सावलीतलीच बाजू मिळेल. तुझ्या तीनपैकी दोन फोटोंत नेमकं तेच झालंय, पोत सगळा मेलाय. आत्ता दक्षिणेच्या बाजूला जा. उन्हाळ्यात उलटं होतं. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो दिवस. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगलाच उत्तरेकडून येतो. तेव्हा उत्तरेचा बांध तुझा. माझ्या वहीत प्रत्येक जागेसमोर महिना लिहिलेला आहे, तूही लिहीत जा.

मग गाडीचं तोंड. सकाळी दौंडकडे जाणाऱ्या गाडीचं तोंड उन्हात असतं आणि पुण्याकडे येणारीचं सावलीत. संध्याकाळी बरोबर उलटं. सोलापूरहून सकाळी येणारी वंदे भारत सगळ्यांना समोरून हवी असते आणि सगळ्यांची काळवंडते, याचं कारण एवढंच. ती बाजूने घे, खिडक्यांची रांग धर. डबे पांढरे असतील तर एक्स्पोजर थोडं खाली ओढ, नाहीतर पांढऱ्यात काहीच उरत नाही. संध्याकाळी सहाला पुण्याहून निघणारी हुतात्मा मात्र तोंड सावलीत असतानाच घ्यायची. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ती यवतच्या आसपास येते तेव्हा सूर्य मावळत असतो आणि रुळांच्या जवळपास सरळ रेषेत असतो. पश्चिमेकडे तोंड करून, रुळापासून लांब, फलाटाच्या टोकाशी नाहीतर उड्डाणपुलावर थांब. दोन्ही रूळ तांब्याच्या तारेसारखे पेटतात आणि मधून दिवा लावलेलं काळं इंजिन येतं. हा फोटो घाटात मिळत नाही. तिथे डोंगराआड सूर्य आधीच गेलेला असतो.

खांबांचं सांगतो. दोन खांबांमध्ये साधारण पन्नास-साठ मीटर असतात. ताशी शंभराने येणारी गाडी तेवढं अंतर दोन सेकंदांत कापते. तू गाडी दिसली की बटण दाबून ठेवतोस आणि मग नशिबावर सोडतोस. त्यापेक्षा आधी दोन खांब निवड, त्यांच्या मधली रिकामी जागा चौकटीत बसव, आणि इंजिनाचं नाक पुढच्या खांबाला भिडायच्या आत एकदाच दाब. दुसरा मार्ग पॅनिंगचा. शटर १/३० ठेव, गाडीबरोबर कंबरेतून वळत जा, खांब आपोआप पुसले जातात आणि पुढची ज्वारी नुसती हिरवी रेघ होते. मालगाडीवर सराव कर, ती हळू असते आणि डब्यांमागून डबे येत राहतात. लोणीला तेलाचे डेपो आहेत, तिकडे जाणाऱ्या काळ्या टाक्यांच्या गाड्या यासाठी फार चांगल्या.

तुझी लेन्स बहुधा ठीक आहे. ऊन तापलं की खडीवरची हवा थरथरते आणि ३०० मिलिमीटरला ती थरथर मोठी होऊन दिसते. ती लेन्स सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात नाहीतर पावसाच्या सरीनंतर वापर आणि मग ठरव.

उभ्या गोष्टी शोध. अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्काच्या गव्हाच्या सपाट मुलखात रुळाकडेला धान्याची उंच कोठारं असतात. मैलोन् मैल आडव्या रेघांत तेवढंच एक उभं, त्यामुळे तिकडचे छायाचित्रकार त्यांच्यापाशी घुटमळतात. आपल्याकडे गुऱ्हाळाचं धुराडं आहे, पाण्याची टाकी आहे, शिंदीचं झाड आहे. केडगावच्या बाजूला हंगामात गुऱ्हाळं पेटलेली असतात. वारा नसलेल्या सकाळी धूर सरळ वर जातो. धुराडं चौकटीच्या एका अंगाला ठेव आणि गाडी खालून जाऊ दे, छोटी. ती छोटी दिसली म्हणून बिघडत नाही.

आणि माणसं घे. ओ. विन्स्टन लिंक नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांचे फोटो काढले, बरेचसे रात्री, रेल्वेच्या परवानगीने, फ्लॅशच्या दिव्यांच्या रांगा लावून. मुलूख डोंगराळ, आपल्यासारखा नाही. पण ओढ्यात डुंबणारी मुलं, ओसरीवर बसलेली माणसं पुढे आणि गाडी त्यांच्या मागून चाललेली, असं त्याने पाहिलं. तुझ्या फाटकावर सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन थांबलेले असतील, शाळेची मुलं असतील, उसाच्या बैलगाड्या असतील. फाटक उघडायची वाट बघणारे चेहरे पुन्हा मिळणार नाहीत. गाडी पुढच्या रविवारीही येईल.

थोडक्यात माझी पद्धत अशी: आधी रान निवडतो, मग उजेड, आणि शेवटी गाडीची वाट बघत बसतो. तू स्टेशनवर उतरून गाडीच्या मागे धावतोयस.

सीटी फाटक

फ्लॅशचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी सहायक लोको पायलट आहे. चालत्या गाडीवर फ्लॅश मारू नका. रात्री आमचे डोळे सिग्नल शोधत असतात, अचानक लखकन उजेड आला की काही क्षण पुढचं दिसत नाही.

लाल शर्ट, लाल टोपी घालून रुळाकडेला जाऊ नका. हात जोरात हलवून टाटा करू नका. आमच्यासाठी तो थांबण्याचा इशारा असू शकतो.

फाटकाआधी ६०० मीटरवर ‘सी/फा’ (सीटी, फाटक) लिहिलेली पाटी असते, तिथून आम्ही भोंगा वाजवायला सुरुवात करतो. गाडी ११० च्या वेगात असेल तर भोंगा ऐकल्यापासून फाटकावर पोचेपर्यंत जेमतेम वीस सेकंद. तेवढ्यात कॅमेरा सरसावून तयार राहता येतं, रूळ ओलांडून पलीकडची बाजू घेता येत नाही. कुणी तसं केलं तर आम्ही इमर्जन्सी ब्रेक लावतो आणि गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास लागतो. त्यातून मार्ग दुहेरी. एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही. मी हे पाहिलेलं आहे, त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरांनी सांगितलेल्या सगळ्या जागा शेतातून आणि चारीतून जमतात, तिथूनच काढा. तारेत २५,००० व्होल्ट असतात. लांब दांडीवर कॅमेरा लावून तारेच्या जवळ नेऊ नका.

आणि एक. तुमच्या वडिलांसारखा गेटमन झेंडा घेऊन उभा दिसला की आम्हाला बरं वाटतं. पहाटे तीन-साडेतीनला आजूबाजूला सगळा अंधार असतो आणि एका गुमटीपाशी एक हिरवा दिवा हलतो. कॅबमधून आम्हीही त्याला दिवा दाखवतो. त्याचा फोटो कुणी काढला असेल असं वाटत नाही. फाटकावरच्या माणसाला विचारून, लांबून, फ्लॅशशिवाय जमत असेल तर बघा.

वरून बघ

ड्रोन घ्या ना भाऊ. सपाट प्रदेशाला वरूनच मजा. शेतांचे तुकडे आणि मधून गाडी.

सीटी फाटक

रेल्वेमार्गावर परवानगीशिवाय ड्रोन नको. तारेवर पडला तर सेक्शनच बंद पडेल.

गेटमनचा मुलगा

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

गुरुजी, चारीत उतरलो. पहिल्याच सकाळी एक मालगाडी अशी मिळाली की चाकांच्या मधून पलीकडचा सोनेरी उजेड दिसतोय. माझा मलाच विश्वास बसेना. ताई, तुऱ्यांचा फोटोही झाला, फक्त छप्पर आणि तारा, तुम्ही लिहिलं होतं तसाच. आणि सीटी फाटक दादा, तुम्ही म्हणालात तो फोटो झाला. सध्या तिथं असणाऱ्या गेटमन काकांची परवानगी घेऊन रस्त्याच्या बाजूनं, ट्रायपॉडवर. दिवा हलल्यामुळे हिरवी कमान उमटलीय आणि गाडीच्या खिडक्यांची पिवळी रेघ.

तो फोटो वडिलांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दिवा बरोबर धरलाय.”

नंतर त्यांनी बाकीचे सगळे एकामागून एक बघितले. चारीतला मालगाडीचा फोटो मला सगळ्यात आवडलेला. तो त्यांनी जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, “शेवटचा डबा कुठंय?”

मी म्हटलं, अण्णा, तो चौकटीत बसत नाही, गाडी फार लांब असते. ते म्हणाले, “मग गाडी गेली हे कशावरून?”

गेटमनला शेवटच्या डब्यावरची फुली आणि मागचा लाल दिवा बघावाच लागतो. मधेच गाडी तुटून डबे मागं राहिले असतील तर आधी त्यालाच कळणार. माझ्या एकाही फोटोत अख्खी गाडी नाही. चौदाशेपैकी एकातही नाही. हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षातच आलं नव्हतं. गुरुजी, अख्खी गाडी एका फोटोत घेता येते का?

चित्रकला, केडगाव

तुझ्या वडिलांनी मला आज एक गोष्ट शिकवली. इतकी वर्षं मी इंजिनाचं नाक बघत आलो.

येते. आणि ती याच मुलखात येते, कारण इथे गाडी कशाच्या आड जात नाही. हिशेब करू. एलएचबी, म्हणजे हल्लीच्या एक्स्प्रेस गाड्यांचा डबा साधारण २४ मीटर. २२ डबे आणि इंजिन मिळून ५५० मीटर धर. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे, लेन्स १८ ला ठेवली की १०० मीटर अंतरावर १३० मीटर रुंदी मावते. म्हणजे ५५० मीटरसाठी सव्वाचारशे मीटर मागे जायला हवं. दोन्ही टोकांना श्वास घ्यायला जागा म्हणून साडेचारशे धर.

आता त्याची किंमतही ऐक. तेवढ्या अंतरावरून डब्याची उंची चौकटीच्या उंचीच्या शंभराव्या हिश्शाएवढी येते. तुझा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा, त्यात डबा चाळीसेक ठिपके उंच आणि अडीचशेच्या आसपास लांब. सुतासारखी गाडी. पण डबे मोजता येतील. फोकस गाडीवरच पक्का कर, शटर १/१००० च्या खाली नको, आणि नंतर वर-खाली कापून लांबट पट्टी कर. खाली थोडंच रान ठेव आणि आभाळाला बाकी सगळं दे. पांढऱ्या आभाळाचा दिवस मात्र घेऊ नकोस. पर्जन्यछायेच्या मुलखात हिवाळ्यात ढग कमीच, पण मधूनच एखाद्या सकाळी पिंजलेल्या कापसासारखे येतात, तो दिवस धर.

खरी अडचण साडेचारशे मीटर मोकळं रान शोधायची आहे. उभा ऊस दहा-बारा फुटांचा. एक तुकडा मधे आला तरी अर्धी गाडी गेली. आणि ते रान रुळाच्या दक्षिणेला हवं, जानेवारी आहे हे विसरू नकोस. दौंडकडे जाणारी सकाळची गाडी घे, तोंडही उजळलेलं मिळेल.

उसाचं रान

दक्षिणेलाच आहे आमचं. चारीच्या भरावापासून रुळापर्यंत सगळा कांदा आणि हरभरा, अडसर फक्त आमच्या उसाचा. टोळी सोमवारी येतेय. चार दिवसांत रान मोकळं होईल. पुढच्या रविवारी या. अंतर मोजून नाही ठेवलेलं, पण चारीवरनं रुळापर्यंत जायला मला सहा-सात मिनिटं लागतात.

गेटमनचा मुलगा

काल झालं.

ताईंच्या घरी सहाला पोचलो. त्यांनी आधी चहा दिला, मग चारीवर नेऊन उभं केलं. ऊस तोडलेला, पाचट पसरलेलं, त्याच्या पलीकडं कांद्याची हिरवी पात आणि मग रूळ. शाळेत असल्यापासून त्या बाजूनं जातोय, तिथून रूळ दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी बघितलं तेव्हा नेहमी ऊस उभा. मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजलं, ४६० मीटर भरलं.

पहिली गाडी गेली ती पुण्याकडची, सोडून दिली. दुसऱ्या वेळी मी लवकर दाबलं, इंजिन आलं, शेपूट बाहेर राहिलं. तेव्हा कळलं की मी अजून इंजिनाकडंच बघतोय. तिसऱ्या वेळी मी इंजिन सोडून दिलं आणि नजर डाव्या टोकाला लावून ठेवली. शेवटचा डबा चौकटीत शिरला, त्याच्यामागं बोटभर आभाळ मोकळं दिसलं, आणि दाबलं. ढग होते. पुढं एक बाई पाचट गोळा करत होती, ती चौकटीत आपोआप आली. ताई म्हणाल्या, त्या त्यांच्या जाऊबाई. त्यांना विचारून ठेवलंय.

आज संध्याकाळी लांबट प्रिंट काढून वडिलांना दिली. त्यांनी चष्मा बदलला, दिव्याखाली धरली आणि इंजिनापासून बोट ठेवत एकेक डबा मोजत गेले. बावीस. शेवटच्या डब्यावर बोट थांबलं. मग प्रिंट उलटी करून त्यांनी खिशातल्या पेनानं मागं लिहिलं: डाउन, ८.१७, पूर्ण.

चित्रकला, केडगाव

मागची बाजू स्कॅन करून ठेव. शाई उडते.

उसाचं रान

होळीपर्यंत रान उघडं आहे, मग खोडवा, तोडलेल्या उसाचा नवा फुटवा, वर येईल. पाण्याची पाळी गुरुवारी सुटतेय, सऱ्या भरल्या की कळवते. या वेळी वडिलांना घेऊन या, आणि गुरुजी तुम्हीपण या.